आंबटाची जागा

या वाईनला वास नाही. म्हणजे असेल, पण ग्लासात नाक खुपसून पाच मिनिटं बसलं तर कुठंतरी ओल्या दगडाचा, नुकत्याच चिरलेल्या कच्च्या सफरचंदाचा, नाहीतर ओहोटीला पुळणीवर येतो तसला काहीतरी भास होतो. आणि तोही आपणच मनाने जुळवून आणलाय की काय, अशी शंका येते. फ्रान्समधल्या नाँतला आल्यावर पहिल्याच महिन्यात एका सहकारणीच्या घरी मी ती पहिल्यांदा प्यायले. सगळे ग्लास डोळ्यांसमोर धरून काही ना काही म्हणत होते. माझी पाळी आली तेव्हा मी 'छान आहे' म्हटलं. मनात म्हणत होते, हे तर आंबट पाणी.

नाव म्युस्कादे. या नावात कस्तुरीचा वास दडलाय, असं काही जण सांगतात. ज्या द्राक्षापासून ती करतात त्याचं नाव 'मलाँ', म्हणजे खरबूज. प्यायला घेतलं तर कस्तुरी नाही की खरबूज नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. मस्कत नावाच्या सुगंधी द्राक्षाशी तर तिचा काडीचाही संबंध नाही, पण नावामुळे गोडसर वाईन समजून ती नेणारे आणि तोंड वाकडं करणारे पाहुणे मी बरेच पाहिलेत. ती कोरडी असते, ठणठणीत कोरडी. साखर जवळजवळ सगळी आंबवण्यात संपलेली, अल्कोहोल बाराच्या आसपास, आणि जिभेच्या दोन्ही कडांना चिमटा काढणारा आंबटपणा.

त्या वर्षी मे महिन्यात वेंगुर्ल्याला गेले तेव्हा दोन बाटल्या कपड्यांत गुंडाळून नेल्या. बाबांनी त्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांच्या मागे ठेवल्या, उद्या कुणी पाणी प्यायला फ्रिज उघडला तर दिसू नयेत म्हणून. (पुढे जानेवारी 2022 मध्ये राज्य सरकारने सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा वाईन दारू की नव्हे यावर महाराष्ट्रात केवढा कल्ला झाला. मला बाबांच्या त्या दुधाच्या पिशव्या आठवल्या.) आजीला मात्र कसलाही संकोच नव्हता. तिने स्टीलच्या वाटीत दोन चमचे मागून घेतली, जिभेवर फिरवली आणि विचारलं, "ह्या काय गो? सोलांचा पाणी?"

"नाय गो आजी, द्राक्षांचा."

"मगे रंग खंय गेलो?"

तेव्हा आम्ही सगळे हसलो. आज वाटतं, म्युस्कादेबद्दल मी नंतर जे काही वाचलं, ऐकलं, त्यातलं निम्मं आजीने एका घोटात सांगून टाकलं होतं. आमच्याकडे आमसुलाचं पाणी कुणी नुसतं पीत बसत नाही. ते बांगड्याच्या कालवणात पडतं, नारळाच्या रसात पडून त्याची सोलकढी होते, आणि मग माशांचं जेवण पोटात नीट बसतं. माशाशेजारी आंबट हवं. ते नसलं की मासा नुसता माशासारखा लागतो.

नाँतमधल्या वाईनच्या दुकानात गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो बजेटचा नव्हे. 'जेवायला काय आहे?' असं तो विचारतो. मला आधी ही चौकशी आगाऊपणाची वाटायची. माझ्या घरी काय शिजतंय याच्याशी याला काय करायचंय? मग एकदा म्हटलं, तालाँसाकच्या बाजारातून कालवं घेतलीत. त्याने पुढचं काहीही न विचारता म्युस्कादेची बाटली ठेवली, तीही दहा युरोच्या आतली. त्याहून महागडी हवी का, असं मी विचारलं तर म्हणाला, कालवांबरोबर पैसे वाया जातील.

कालवं. ती आमच्या खाडीतही खडकाला चिकटलेली असतात. ओहोटी लागली की बायका गुडघाभर पाण्यात वाकून टोकदार लोखंडाने ती फोडायच्या, आतला गर डब्यात काढायच्या आणि दुपारी दारावर येऊन वाटे लावायच्या. आई ते तीन-चार पाण्यांतून काढायची, कारण कचकचीचा एक कण राहिला तरी सगळं जेवण बिघडतं. मग कांदा, खोबरं, मालवणी मसाला, आणि हो, सोलं. कालवं कच्ची खातात, हे मला नाँतला येईपर्यंत कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तालाँसाकचा बाजार 1937 सालचा. शनिवारी सकाळी कालवंवाल्यांच्या टेबलांपुढे रांगा. कालवांना आकारानुसार नंबर असतात आणि ते उलटे चालतात. शून्य नंबर सगळ्यात मोठं, पाच सगळ्यात लहान. घरी नेण्यासाठी बहुतेक जण तीन नंबरचं घेतात. गंमत म्हणजे ही आजची बहुतेक कालवं मुळात जपानी जातीची आहेत. त्याआधी पोर्तुगीज म्हणवणारी जात होती, तिच्यात 1970 च्या सुमाराला रोग शिरला आणि ती संपली, म्हणून जपानहून बीज आणून इथल्या किनाऱ्यावर वाढवलं. पन्नासेक वर्षांत ती इतकी फ्रेंच झाली की नाताळ आणि वर्षाखेरीचं जेवण त्यांच्यावाचून होत नाही.

कालव उघडल्यावर आतलं पहिलं पाणी ओतून टाकायचं, थोड्या वेळात ते पुन्हा पाणी सोडतं, ते खरं. वर लिंबाचा थेंब पडला की गराची कड आक्रसते, म्हणजे ते जिवंत आहे. हे पाहून मी पहिल्या वेळी उठून बाल्कनीत गेले होते. दुसऱ्या वेळी डोळे मिटून गिळलं. तिसऱ्या वेळी चावलं, आणि लागलीच म्युस्कादेचा घोट घेतला. तेव्हा काय झालं ते सांगणं अवघड आहे. खारट समुद्राचं पाणी, त्यामागे गराचा जरासा धातूसारखा गोडवा, आणि ही वाईन त्यावर लिंबासारखी पडली. पडून नाहीशीही झाली. तोंड स्वच्छ झालं आणि हात आपसूक पुढच्या शिंपल्याकडे गेला. जी वाईन वासासाठी, फळासाठी, लाकडी पिंपाच्या व्हॅनिलासाठी मिरवते तिने इथं कालवाशी भांडण काढलं असतं. टॅनिन असलेल्या, म्हणजे तुरट तांबड्या वाईनचा तर कालवाशी संबंध आला की तोंडात गंजक्या पत्र्याची चव येते. हा प्रयोग मी केलाय, तुम्ही करू नका.

बरोबर राय नावाच्या धान्याचा पाव आणि खारं लोणी. लोण्यात मीठ का, हे विचारलं तर इथले लोक अभिमानाने सांगतात. नाँत जुन्या ब्रिटनीचं शहर, आणि फ्रान्सच्या राजाचा मिठावरचा कर ब्रिटनीला माफ होता. बाकीच्या देशाने मीठ जपून वापरलं, यांनी लोण्यातही घातलं. समुद्राकडे गेलं की गेराँदची मिठागरं लागतात. तिथल्या वाफ्यांत लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला शिरोडा आठवला. वेंगुर्ल्याहून जवळच, 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला ते. मिठाच्या करापायी तिथं लोकांनी लाठ्या खाल्ल्या आणि इथं कर नाही म्हणून लोण्याची चव बदलली. इतिहास कुठं कुठं जाऊन मुरतो.

या द्राक्षाचं घराणं बर्गंडी प्रांताचं. पूर्ण नावच 'मलाँ द बूर्गोन्य'. जनुकांवरून आता ठरलंय की पिनो आणि 'ग्वे ब्लाँ' नावाचं एक हलकं, शेतकऱ्यांच्या घरचं द्राक्ष यांचं हे लेकरू. जगभर मिरवणारं शार्दने हे त्याचं सख्खं भावंड. एकाच्या नशिबी राजवाडे, दुसऱ्याच्या नशिबी लुआर नदीच्या मुखाजवळचा पाऊस आणि वारा. सतराव्या शतकात डच व्यापारी नाँतच्या बंदरात यायचे, त्यांना हलकी पांढरी वाईन हवी असायची ती पिण्यापेक्षा ऊर्ध्वपातनासाठी. त्या 'जाळलेल्या वाईन'साठी डच भाषेत जो शब्द होता, त्यातूनच ब्रँडी हा शब्द आला. मग 1709 चा हिवाळा आला. नद्या गोठल्या, पिंपांतली वाईन गोठली, वेली उभ्या काळ्या पडल्या. नव्याने लावताना लोकांनी थंडी सोसणारं वाण शोधलं, आणि मलाँ इथं रुजलं. आता सेव्र आणि मेन या दोन छोट्या नद्यांच्या आसपासच्या टेकड्यांवर प्रामुख्याने तेच दिसतं. 1936 साली 'म्युस्कादे सेव्र-ए-मेन' या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं.

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात नवऱ्याचे मामा आले होते. पिंपळगाव बसवंतचे, आयुष्य द्राक्षबागेत गेलेले. आयफेल टॉवर बघून झाल्यावर म्हणाले, "सूनबाई, बाग दाखव." त्यांना घेऊन क्लिसाँच्या बाजूला गेलो. मांडव नाहीत, कमरेएवढ्या वेलींच्या नुसत्या ओळी, हे पाहूनच ते जरा खट्टू झाले. मग एका वेलीपाशी वाकले, पान उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "डावणी आहे. थोडी आहे, पण आहे." माझ्या फ्रेंच मित्राने विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं, मिल्द्यू; पानावरच्या त्या बुरशीला इथं तेच म्हणतात. तो हसून म्हणाला, यांना कामावर ठेवू या.

मामांनी एक मणी तोंडात टाकला. "बी आहे, साल जाड आहे, टपोरेपण नाही. आमच्या थॉमसनपुढं हे कोण घेणार? बाजारात उभं करणार नाहीत." मग पुन्हा एक मणी खाल्ला, या वेळी सावकाश. "पण आंबटाला गोडी आहे बरं का." छाटणी किती वेळा, असं त्यांनी विचारलं. एकदाच, हिवाळ्यात, हे ऐकून त्यांना पटेना. एप्रिलातली खरड छाटणी आणि ऑक्टोबरातली गोडी छाटणी असे दोन हिशेब डोक्यात घेऊन जगलेला माणूस तो. इथं वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडे तिला झोपू देत नाहीत, एवढं मित्राने समजावलं. एप्रिलात कोंब फुटल्यावर रात्री अचानक दहिवर गोठलं की बागांत मेणबत्त्या पेटवाव्या लागतात, असं तो सांगू लागला तेव्हा मात्र मामा खुलले. "निफाडला पारा उतरला की आम्हीपण रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतो! सांग त्याला." मी सांगितलं. त्यानंतर अर्धा तास ते दोघं माझ्या डोक्यावरून हातवाऱ्यांनीच बोलत होते, मला भाषांतराला वाव उरला नाही.

परत येताना मामांनी आणखी एक गोष्ट विचारली. डावणीवर हे काय मारतात? मी म्हटलं, तांबं आणि चुना, बुई बोर्दलेज. म्हणजे बोर्डो मिश्रण! म्हणाले. माझा पाय तिथंच थबकला. लहानपणी पावसाळ्यात आमच्या सुपाऱ्यांना कोळेरोग लागू नये म्हणून बाबा मोरचूद आणि चुना कालवून 'बोर्डो' फवारून घ्यायचे. निळ्या डागांचे जुने कपडे, बादल्या, बागायतीत येणारा तो वास. बोर्डो हे औषधाचं नाव आहे असंच मला वाटायचं. ते गाव आहे, या देशातलं, आणि त्याच्याजवळच्या द्राक्षबागांवरूनच 1885 साली मियार्दे नावाच्या प्राध्यापकाने हे मिश्रण जगाला सांगितलं, हे मला इथं राहून चार वर्षं झाली तरी सुचलं नव्हतं.

म्युस्कादेच्या बाटलीवर बऱ्याचदा 'स्युर ली' असं लिहिलेलं असतं. ली म्हणजे गाळ, आमच्या बोलीत साका. वाईन आंबून झाली की यीस्ट मरून तळाशी बसतं. इतर बऱ्याच ठिकाणी वाईन या साक्यावरून लवकर काढून घेतात. इथं ती हिवाळाभर तिथंच ठेवतात, न हलवता, न दुसऱ्या भांड्यात ओतता. पुढच्या वर्षीच्या 1 मार्चआधी ती बाटलीत भरायचीच नाही, असा नियम आहे, आणि भरायची तीही थेट त्या साक्यावरूनच. इथल्या बऱ्याच जुन्या घरांत यासाठी जमिनीखाली टाक्या आहेत, आतून काचेच्या फरशा लावलेल्या. मेलेल्या यीस्टच्या पेशी हळूहळू फुटतात, त्यातलं काहीबाही वाईनमध्ये उतरतं, आणि त्या चिमटेदार आंबटाला पावाच्या कडेसारखं थोडंसं अंग येतं. कर्बवायू थोडा आत अडकून राहतो, म्हणून पहिल्या घोटाला जिभेवर बारीक टोचणी लागते. माडी उतरून तासभर झाल्यावर लागते ना, त्याच्या कितीतरी कमी, पण त्याच जातीची.

हे सुचलं कसं, याची गोष्ट सांगतात. शेतकरी घरच्या लग्नकार्यासाठी एक पिंप बाजूला ठेवायचे. कुणी त्याला हात लावायचं नाही, म्हणून ते साक्यावरच राहायचं, आणि लग्नात सगळ्यांना तीच वाईन जास्त आवडायची. गोष्ट खरी असो नसो, मला पटते. आपल्याकडेही लग्नासाठी राखलेल्या वस्तूला हात न लावल्यामुळेच तिला चव येते.

आता 2011 पासून क्लिसाँ, गोर्ज, ल पाले अशा काही गावांच्या नावांनी वेगळ्या म्युस्कादे मिळतात. साक्यावर दीड-दोन वर्षं राहिलेल्या. क्लिसाँची ग्रॅनाइटवरची, गोर्जची गाब्रो नावाच्या काळ्या खडकावरची. त्या दहा वर्षं टिकतात, जाड होतात, त्यांच्याबरोबर साय घातलेला कोंबडीचा रस्साही चालतो. चांगल्या असतात. पण खरं सांगायचं तर कालवं घरात असली की मी त्यांच्या वाटेला जात नाही. माणूस शिकला की बोलताना फार विचार करतो, तसं त्यांचं होतं.

कालवांपलीकडे काय? शिंपल्या म्हणाल तर इथले काळे शिंपले, लाकडी खांबांवर वाढवलेले. कांद्याची बारीक जात, अजमोदा आणि म्युस्कादे यांत झाकण ठेवून वाफवायचे, उघडले की झालं. तळाचा रस्सा पावाने पुसून घ्यायचा, त्यासाठीच हा सगळा खटाटोप. लुआरच्या मुखात एपर्लाँ नावाची बोटाएवढी चंदेरी मासळी मिळते, ती तळून डोक्यासकट खातात. मी त्यांना हळद, मीठ, नावाला तिखट लावून रव्यात घोळवते आणि मांदेली म्हणून खाते. म्युस्कादेला फरक कळत नाही. तळणाचं तेल आणि ही वाईन यांचं फार छान जमतं.

मग 'बर ब्लाँ', इथल्या घराघरातला पांढऱ्या लोण्याचा सॉस. 1890 च्या आसपास नाँतच्या वरच्या बाजूला लुआरच्या काठी क्लेमाँस लफव्र नावाच्या स्वयंपाकिणीने तो केला. दुसराच एक सॉस करताना त्यात अंडं घालायला विसरली, असं म्हणतात. कांद्याची बारीक जात व्हिनेगर आणि म्युस्कादेत आटवायची, जवळजवळ कोरडी होईपर्यंत. मग मंद आचेवर थंड लोण्याचे तुकडे एकेक करून फेटत घालायचे. आच जरा वाढली की लोणी फुटतं. पहिल्यांदा करताना माझा फुटला. दुसऱ्यांदा करताना मला अचानक आईचा आवाज ऐकू आला, 'रस घातल्यावर उकळू देऊ नको गो, फुटात.' नारळाच्या रसाला जो हात लागतो तोच इथं लागतो. त्यानंतर कधी फुटला नाही.

आणि जिथं ती हरते तेही सांगते. सावजी, कोल्हापुरी, मालवणी मसाल्याचं झणझणीत कालवण, यांपुढे म्युस्कादे आणू नका. तिखटावर अल्कोहोल पडलं की तिखट आणखी भडकतं, वाईन बिचारी कागदासारखी होते. तिथं सोलकढीच हवी, कारण तिच्या आंबटामागे नारळ उभा असतो. नाशिकची शेनँ ब्लाँ त्यामानाने बरी, थोडा गोडवा असलेली घेतली तर. शेनँचं माहेरही लुआरचंच, नाँतपासून नदीने वर गेलं की. म्हणजे मामांच्या जिल्ह्यातली ती वेल आणि माझ्या दारातली ही वेल एकाच नदीच्या.

मागच्या मार्चमध्ये घरून आलेली आमसुलं संपली. बाजारात बांगडे सुंदर आले होते, म्हणजे इथला माकरो, आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, जरा लांबट आणि तेलकट. फ्रेंच लोकही त्याला पांढऱ्या वाईनमध्ये शिजवून, गार करून खातात. तेलकट माशाला आंबट हवं, हे दोन्ही किनाऱ्यांना न सांगता कळलेलं. मी म्हटलं, करून बघू. नारळ वाटला, मिरच्या निम्म्या केल्या, तिरफळं ठेचून घातली आणि सोलांच्या जागी अर्धा पेला म्युस्कादे ओतली. अल्कोहोल उडेपर्यंत उकळी काढली, मग रस.

रंग नाही आला. आजी म्हणाली होती तेच. कालवण फिकट राहिलं, आंबट होतं पण उशिरा पोचणारं, घास गिळल्यावर मागून येणारं. बाटलीत उरलेली आम्ही त्याच्याबरोबरच प्यायलो.

रात्री आईला फोन केला, भीत भीत सांगितलं की कालवणात वाईन घातली. पलीकडे जरा वेळ शांतता.

"तिरफळां घातलंस मां?"